फाइल आधी कोरी होते, कमांड नंतर चालते: > आणि >> मुळे वारंवार येणाऱ्या अडचणी

सॉर्ट शब्द > शब्द

शब्द फाइलमधल्या ओळी क्रमाने लावून त्याच फाइलमध्ये ठेवण्यासाठी ही ओळ देऊन एंटर दाबलं. एरर नाही, प्रॉम्प्ट लगेच परत आला. मग कॅट शब्द करून पाहिलं तर आत काहीच नाही, आणि एलएस -एल सांगतं की आकार ० बाइट. शब्दांची यादी असो, बचत गटाच्या नोंदी असोत की सर्व्हरची कॉन्फिग फाइल, लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलवर हे सतत घडतं. उपाय सांगितला की तेवढ्यापुरतं काम निघतं. महिन्याभराने सॉर्टच्या जागी ग्रेप किंवा सेड येतं आणि फाइल पुन्हा रिकामी होते. याचं कारण असं की उपाय पाठ होतो आणि > या चिन्हाने नेमकं काय केलं ते कळायचं राहून जातं. ते एकदा कळलं की खाली दिलेल्या बहुतेक अडचणी एकाच मुळाशी जाऊन पोचतात.

(कमांड, पर्याय आणि मार्ग इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे नेहमीच्या रोमन लिपीतले घ्यायचे. फाइलींची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी लिनक्स आणि मॅक दोन्हींना चालतात.)

उघडतं कोण?

फाइल सॉर्ट उघडतं असा आपला समज असतो. शब्द > शब्द या भागातला पहिला 'शब्द' सॉर्ट उघडतं, हे खरं. दुसरा उघडतं शेल, म्हणजे टर्मिनलमधली आपली ओळ वाचून चालवणारा बॅश किंवा झेडशेल हा प्रोग्राम. ओळ वाचताना शेलला > दिसलं की ते सॉर्ट सुरू होण्याआधीच पुढच्या नावाची फाइल लिहिण्यासाठी उघडतं. ती नसेल तर नवी तयार करतं, असेल तर तिथल्या तिथे शून्य बाइटवर आणतं. मग १ क्रमांकाचं, म्हणजे नेहमीचं, आउटपुट त्या फाइलला जोडतं आणि शेवटी सॉर्टला हाक मारतं. > आणि त्यापुढचं नाव सॉर्टपर्यंत पोचतच नाही. त्याच्या हाती एवढंच येतं: 'शब्द ही फाइल वाच.' तोवर ती कोरी झालेली असते. सॉर्ट शून्य ओळी लावतं आणि काम यशस्वी झाल्याचं कळवतं. म्हणून एरर येत नाही.

यावर विश्वास बसत नसेल तर एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये हे करून पाहा:

इको नमस्कार > चाचणी
सोऱ्र्ट चाचणी > चाचणी

दुसऱ्या ओळीत कमांडचं स्पेलिंग मुद्दाम चुकवा. 'कमांड नॉट फाउंड' असं उत्तर येईल, म्हणजे कुठलाही प्रोग्राम चाललाच नाही. तरीही चाचणी फाइल रिकामी झालेली दिसेल. ती रिकामी करणारं शेलच होतं, याला आणखी पुरावा लागत नाही. आणखी एक प्रयोग: > निकाल सॉर्ट शब्द अशी उलटी ओळ द्या. तीही बिनतक्रार चालते, कारण > निकाल हा भाग शेलसाठीची सूचना आहे आणि शेल ती ओळीत कुठेही असली तरी उचलून बाजूला काढतं.

ही रचना जुनी आहे. > आणि < ही चिन्हं युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे केन थॉम्प्सन यांनी पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं | हे चिन्ह) आणला तो १९७३ मध्ये. फाइल उघडण्याचं काम शेलकडे ठेवल्यामुळे प्रत्येक छोट्या प्रोग्रामला स्वतः काही करावं लागत नाही आणि कुठल्याही कमांडचं आउटपुट कुठेही वळवता येतं. मला ही रचना आजही फार सुंदर वाटते. फक्त तिचा क्रम डोक्यात पक्का हवा.

पाइप लावून सुटका होत नाही

बरेच जण मग असं लिहितात:

कॅट शब्द | सॉर्ट > शब्द

कॅटने आधी सगळं वाचावं आणि सॉर्टने नंतर लिहावं, ही अपेक्षा असते. पण पाइपच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सुरू होतात. उजवीकडची बाजू सुरू होतानाच फाइल कापली जाते, आणि कॅट तिथे आधी पोचेल याची कुणीच हमी देत नाही. कॅट शब्द | टी शब्द (टी आलेला मजकूर पडद्यावर दाखवतं आणि फाइलमध्येही लिहितं) हा प्रकार तर अधिक घातक, कारण छोट्या फाइलवर तो कधीकधी बरोबर चालतो. म्हणून माणूस तो स्क्रिप्टमध्ये घालून ठेवतो, आणि फाइल मोठी झाली किंवा मशीनवर ताण आला की डेटा जातो.

>> हे चिन्ह फाइल न कापता तिच्या शेवटी लिहितं, पण ते वापरून त्याच फाइलमधून त्याच फाइलमध्ये जोडणं हाही उपाय नाही. कॅट शब्द >> शब्द दिल्यावर लिनक्सवरचं जीएनयू कॅट 'इनपुट फाइल इज आउटपुट फाइल' म्हणून नकार देतं. प्रत्येक साधन इतकं सावध नसतं. आपणच लिहिलेलं पुन्हा वाचत डिस्क भरेपर्यंत चालू राहणारे प्रोग्रामही असतात.

फाइल आत्ताच रिकामी झाली असेल तर

सगळ्यात आधी टर्मिनलची खिडकी बंद करू नका. थोड्या वेळापूर्वी तीच फाइल कॅटने पाहिली असेल तर मजकूर वर स्क्रोल केल्यावर सापडेल, तिथून कॉपी करा. ती एखाद्या एडिटरमध्ये उघडी असेल तर 'रीलोड करू का' या प्रश्नाला नाही म्हणा आणि तिथूनच दुसऱ्या नावाने सेव्ह करा. फोल्डर गिटमध्ये असेल तर गिट रिस्टोअर शब्द पुरेसं आहे, पण त्याने शेवटच्या गिट अ‍ॅड किंवा कमिटपर्यंतचंच परत मिळतं. नाहीतर बॅकअप. कचरापेटीत शोधून उपयोग नाही, कारण फाइल पुसली गेलेली नाही, तिच्या जागीच ती कापली गेली आहे. त्याच कारणाने, उघड्या पण डिलीट झालेल्या फाइली चालू प्रोसेसमधून परत मिळवण्याची जी युक्ती सांगितली जाते तीही इथे लागू पडत नाही.

खरा उपाय

नव्या नावाने लिहा, पाहा, मग जागा बदला.

सॉर्ट शब्द > शब्द.नवी
डब्ल्यूसी -एल शब्द शब्द.नवी
एमव्ही शब्द.नवी शब्द

मधली ओळ दोन्ही फाइलींतल्या ओळी मोजते, ती गाळू नका. मराठी यादीच्या बाबतीत तर नवी फाइल डोळ्यांखालून घालाच, कारण सॉर्टचा क्रम लोकेलवर, म्हणजे भाषेच्या सेटिंगवर, ठरतो. एलसी_ऑल=सी असेल तर युनिकोडच्या क्रमांकाने ओळी लागतात आणि ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. चुकीच्या क्रमाची यादी मूळ फाइलवर चढवण्याआधी हे दिसलेलं बरं.

स्क्रिप्टमध्ये डोळ्यांनी पाहणं शक्य नसतं, तिथे दोन्हींमध्ये && घाला: सॉर्ट शब्द > शब्द.नवी && एमव्ही शब्द.नवी शब्द. डिस्क भरली किंवा सॉर्ट मध्येच बंद पडलं तर जुनी फाइल जशीच्या तशी राहते. अर्धविरामाने जोडलं तर हे संरक्षण जातं.

एमव्हीचा एक परिणाम लक्षात ठेवायला हवा. फाइलचं नाव तेच राहतं, पण आतली फाइल दुसरीच असते. त्यामुळे मालक आणि परवानग्या बदलू शकतात, हार्ड लिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) तुटते, आणि मूळ नाव सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) असेल तर लिंकच्या जागी साधी फाइल येते. असं चालणार नसेल तिथे कॅट शब्द.नवी > शब्द करा. यात फाइल कोरी होऊन पुन्हा भरते, पण मजकुराची दुसरी प्रत शेजारी असते.

सॉर्टपुरता छोटा मार्गही आहे: सॉर्ट -ओ शब्द शब्द. इथे आउटपुट फाइल सॉर्ट स्वतः उघडतं आणि सगळं वाचून झाल्यावरच तिच्यात लिहितं. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकातच तशी हमी आहे. सेडसाठी -आय पर्याय आहे. मॅकच्या सेडला -आय नंतर रिकामी अवतरणचिन्हं द्यावी लागतात, म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तो टाळलेला बरा. मोअरयूटिल्स पॅकेजमधलं स्पंज हे साधन याच कामासाठी आहे: सॉर्ट शब्द | स्पंज शब्द. स्पंज सगळं शोषून घेतं, इनपुट संपलं की मगच फाइल उघडतं.

आणि कायमचं कुंपण हवं असेल तर .बॅशआरसी (बॅश सुरू होताना वाचतं ती फाइल) मध्ये एक ओळ घाला:

सेट -ओ नोक्लॉबर

यानंतर आधीपासून असलेल्या फाइलवर > चालवलं तर शेल नकार देतं. खरंच पुसायची असेल तेव्हा >| लिहायचं. /डेव्ह/नल ही साधी फाइल नसल्यामुळे तिकडे आउटपुट फेकणं पूर्वीसारखंच चालतं. ही सोय मला फार मोलाची वाटते. नव्या माणसाला टर्मिनल शिकवताना हीच ओळ पहिल्या दिवशी घालून द्यावी, असं माझं ठाम मत आहे. तिची मर्यादा एवढीच की टी, सीपी आणि एमव्ही यांना ती अडवत नाही, आणि स्क्रिप्ट सहसा .बॅशआरसी वाचत नाहीत.

सूडो लावूनही 'पर्मिशन डिनाइड'

सूडो इको "१०.०.०.५ छापखाना" >> /ईटीसी/होस्ट्स

हीदेखील त्याच मुळाची फांदी. रूट म्हणजे मुख्य प्रशासकाचे अधिकार देणारं सूडो लागू होतं फक्त इकोला. फाइल उघडतं तुमचं शेल, आणि ते तुमच्याच साध्या अधिकारात चाललेलं असतं. एररची सुरुवात वाचली की हे लगेच ओळखता येतं. 'बॅश: /ईटीसी/होस्ट्स: पर्मिशन डिनाइड' असं असेल तर बोलणारं बॅश आहे, म्हणजे गडबड वळवण्यात आहे. ओळ कमांडच्या नावाने सुरू होत असेल, तर प्रोग्राम सुरू झाला आणि पुढे अडला. ही सवय लावून घ्या, तपासाचा निम्मा वेळ वाचतो.

इलाज:

इको "१०.०.०.५ छापखाना" | सूडो टी -ए /ईटीसी/होस्ट्स

आता फाइल टी उघडतं, आणि ते रूटच्या अधिकारात चालतं. -ए विसरू नका. त्याशिवाय टी पूर्ण फाइल पुसून एकच ओळ लिहील, आणि वर म्हटल्याप्रमाणे नोक्लॉबर तिथे मदतीला येणार नाही.

जोडलेली ओळ आधीच्या ओळीला चिकटते

>> फाइलच्या शेवटच्या बाइटनंतर लिहायला लागतं. शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू करणारा बाइट आहे की नाही, हे ते पाहत नाही. काही एडिटर तो घालत नाहीत. मग 'शेवट' नंतर 'आरंभ' जोडलं की यादीत 'शेवटआरंभ' असा शब्द तयार होतो. दोन फाइली कॅटने एकत्र केल्या तरी सांध्यावर हेच होतं.

शब्दांच्या यादीत हे डोळ्यांना दिसतं. एसएसएचच्या ऑथराइज्ड_कीज फाइलमध्ये (दुरून सर्व्हरवर प्रवेश देणाऱ्या किल्ल्यांची यादी) दिसत नाही. जुन्या किल्लीच्या शेवटी टिप्पणी असेल तर चिकटलेली नवी किल्ली त्या टिप्पणीचाच भाग धरली जाते. जुनी किल्ली चालत राहते, नवी चालत नाही, आणि माणूस नेटवर्क, परवानग्या, फायरवॉल सगळं तपासत बसतो.

टेल -सी१ शब्द | ओडी -सी

यात \एन दिसलं तर ठीक. दुसरं काही दिसलं तर आधी इको >> शब्द करून ओळ पुरी करा, मग हवं ते जोडा. स्क्रिप्टसाठी:

[ -एन "$(टेल -सी१ शब्द)" ] && इको >> शब्द

शेवटी नवी ओळ असेल तर ही ओळ काहीच करत नाही, त्यामुळे कितीही वेळा चालवली तरी रिकाम्या ओळी साचत नाहीत.

जाता जाता आकड्याचा एक सापळा. इको एकूण २>> हिशोब असं लिहिलं तर शेल त्या दोनला क्रमांक २ चं आउटपुट समजतं. 'एकूण' पडद्यावर येतं आणि हिशोब फाइलमध्ये काहीच जात नाही. आकडा अवतरणचिन्हांत ठेवा, किंवा आकडा आणि >> यांच्यामध्ये जागा सोडा.

एरर फाइलमध्ये जात नाहीत

प्रोग्रामचं नेहमीचं आउटपुट १ क्रमांकावर असतं, एरर २ क्रमांकावर. साधं > फक्त १ ला हात लावतं. दोन्ही एकाच फाइलमध्ये हवे असतील तर:

कमांड > नोंद २>&१

इथे क्रम उलटला की बिघडतं, कारण शेल डावीकडून उजवीकडे जातं. २>&१ याचा अर्थ 'आत्ता १ जिथे जातंय तिथे २ पाठव'. ते आधी लिहिलं तर त्या क्षणी १ पडद्याकडे जात असतं, म्हणून एरर पडद्यावरच राहतात. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या कामांना ही चूक विशेष महाग पडते, कारण तिथे पडदा बघायला कुणी नसतं.

चालू लॉग फाइल

सर्व्हरवर डिस्क भरत आली म्हणून लॉग रिकामा करतात. त्यासाठी ': > नोंद' असं लिहावं (सुरुवातीचा कोलनही लिहायचा, ती काहीच न करणारी कमांड आहे). नुसतं > नोंद बॅशमध्ये चालतं, पण झेडशेलमध्ये ते कीबोर्डवरून मजकुराची वाट पाहत थांबतं, आणि २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून मॅकवर सुरुवातीला झेडशेलच मिळतं.

रिकामा केल्यानंतर काही सेकंदांत एलएस -एल पुन्हा जुनाच मोठा आकार दाखवतं, डीयू मात्र किरकोळ जागा सांगतं, आणि ग्रेप 'बायनरी फाइल मॅचेस' म्हणतं. असं झालं तर तो प्रोग्राम सुरू करताना > वापरलेलं असतं. आपण फाइलमध्ये कुठवर आलो हे त्या प्रोसेसच्या खात्यात नोंदलेलं असतं. फाइल बाहेरून कापली तरी पुढचं लिखाण जुन्याच जागेवर होतं, आणि मधली पोकळी शून्य बाइटांनी भरलेली दिसते. >> ने सुरू केलेल्या प्रोग्रामचं प्रत्येक लिखाण कर्नल त्या क्षणी फाइल जिथे संपते तिथे नेऊन ठेवतं, म्हणून मधेच कापल्याने बिघडत नाही. दोन प्रोग्राम एकाच फाइलमध्ये लिहीत असतील तरी >> मुळे ते एकमेकांचं पुसत नाहीत. दिवसेंदिवस चालणारं काही सुरू करायचं असेल तर >> च वापरा.

उलट तक्रारही असते: प्रोग्राम चालू आहे, टेल -एफ नोंद लावलंय, पण काहीच दिसत नाही. आउटपुट पडद्यावर जात असताना ते ओळीओळीने बाहेर पडतं. फाइलकडे वळवलं की बहुतेक प्रोग्राम ते साठवून मोठ्या तुकड्यांत लिहितात. लिनक्सवर एसटीडीबफ -ओएल कमांड >> नोंद करून पाहा, पायथनला -यू द्या. एरर मात्र सहसा साठवल्या जात नाहीत, म्हणून एकत्रित लॉगमध्ये त्या आधीच्या मजकुराला मागे टाकून वर आलेल्या दिसतात. त्या क्रमावरून घटनाक्रम ठरवू नका.

विंडोजवर मराठीच्या जागी ठिपके आणि आकडे

विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ हे > आणि >> दोन्हींनी यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. फाइलमध्ये आधी यूटीएफ-८ मजकूर असला तरी >> ते पाहत नाही. परिणामी एका फाइलमध्ये दोन प्रकारचे बाइट होतात. देवनागरीच्या बाबतीत हे ओळखायची खूण नेमकी आहे. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, यूटीएफ-१६ मध्ये दोन. त्या दोनांपैकी एक बाइट नेहमी ०९ असतो, आणि ०९ म्हणजे टॅब. दुसरा बाइट साध्या आस्की चिन्हांच्या हद्दीत पडतो. म्हणून '"मराठी" >> शब्द' असं जोडून फाइल यूटीएफ-८ समजून उघडली, तर टिंब, शून्य, >, रिकामी जागा आणि @ ही चिन्हं टॅबांनी विखुरलेली दिसतात. सगळे बाइट यूटीएफ-८ मध्येही वैध असल्यामुळे कुठलाही प्रोग्राम एन्कोडिंगची तक्रार करत नाही.

अशी मिसळलेली फाइल आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनाने एका फटक्यात सुधारत नाही. आधी दोन तुकडे करावे लागतात. जोडण्याआधीचा आकार बॅकअपवरून माहीत असेल, समजा ८२०० बाइट, तर:

हेड -सी ८२०० शब्द > भाग१
टेल -सी +८२०१ शब्द | आयकॉन्व्ह -एफ यूटीएफ-१६एलई -टी यूटीएफ-८ > भाग२
कॅट भाग१ भाग२ > शब्द.नवी

आकार माहीत नसेल तर ओडी -सी च्या आउटपुटमध्ये \टी एकाआड एक दिसायला लागतात ती जागा शोधा. दुसऱ्या भागातल्या ओळींच्या शेवटी विंडोजचा \आर राहिलेला असेल, तो टीआर -डी '\आर' ने काढा. पुढच्या वेळेसाठी पॉवरशेल ५.१ मध्ये >> च्या जागी | आउट-फाइल -अपेंड -एन्कोडिंग यूटीएफ८ शब्द असं लिहा, किंवा पॉवरशेल ७ बसवा. तिथे > आणि >> मुळातच यूटीएफ-८ मध्ये लिहितात.